शाळेची सक्ती उठली तेव्हा घरी कोण बसले?



अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या आपल्या एका कुटुंबाने काही महिन्यांपूर्वी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी आठवीत आहे. वर्गातल्या, आपल्याच देशातून आलेल्या काही मुलांनी तिला आधी पूर्ण नाव विचारले, मग मूळ गाव विचारले, आणि मग जेवणाच्या टेबलावर आपली जागा बदलली. शाळेच्या हे लक्षात आले नाही. सांगितल्यावरही शाळेला त्याचा अर्थ उमगला नाही. आता आई-वडिलांच्या मनात आहे की नववीपासून मुलीला घरीच शिकवायचे. तिथे ते कायदेशीर आहे. त्यांनी विचारले, "तुम्ही चळवळीतली माणसे. हे बरोबर होईल का?"

आमचे पहिले उत्तर घाईचे होते. नाही, अजिबात नाही! ज्या समाजाची लेकरे वर्गाबाहेर गोणपाटावर बसून शिकली, त्या समाजाने शाळा मिळाल्यावर ती सोडायची? पण राग म्हणजे युक्तिवाद नव्हे. म्हणून आम्ही ती मुलगी राहते त्याच राज्याचा इतिहास उघडला. तो वाचून आमचे उत्तर बदलले. ते सरसकट 'हो' झाले नाही, पण सरसकट 'नाही'ही राहिले नाही. का, ते इथे मांडत आहोत.

जिथे घरी शिकवणे हा गुन्हा होता

व्हर्जिनियात १८३१ साली एक कायदा झाला. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी लिहायला-वाचायला शिकण्यासाठी कुठेही एकत्र जमणे त्याने बेकायदा ठरवले. मग ती जागा शाळा असो की चर्च, वेळ दिवसाची असो की रात्रीची. गुलामांवरची अशी बंदी त्याआधीच होती. नॉरफोक शहरात मार्गारेट डग्लस नावाची एक गोरी बाई शिवणकामावर पोट भरत असे. ती आपल्या राहत्या घरात स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या पंचवीसेक मुलांना अक्षरे शिकवत होती. १८५३ साली तिला पकडले आणि १८५४ साली तिने एक महिना तुरुंगात काढला. गुन्हा काय? तर घरात शाळा भरवली.

त्याच राज्यात हॅम्प्टन गावी मेरी पीक ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री लपूनछपून शिकवत असे. यादवी युद्ध सुरू झाले, गुलाम माणसे पळून उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला आली, आणि १८६१ साली मेरीने त्यांच्या मुलांना एका ओकच्या झाडाखाली उघडपणे शिकवायला सुरुवात केली. ते झाड आज हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात उभे आहे.

हा आपल्याला परका इतिहास नाही. मार्गारेट डग्लसच्या अटकेच्या पाच वर्षे आधी, १८४८ साली, पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली होती. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचे स्वतःचे पहिले शिक्षण घरातच झाले. त्यांना जोतीरावांनी शिकवले. म्हणजे आपल्या शिक्षणक्रांतीची सुरुवातही घरच्या शाळेतूनच झाली! पण फुले दांपत्य घरापाशी थांबले नाही. त्यांनी घरात मिळालेले अक्षर रस्त्यावर आणले आणि दुसऱ्यांच्या लेकींसाठी दार उघडले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केले, हेही विसरू नका. त्यांना हे नाते दीडशे वर्षांपूर्वी दिसले होते.

युद्धानंतर व्हर्जिनियाची नवी राज्यघटना तयार झाली. ती तयार करणाऱ्या सभेत कृष्णवर्णीय प्रतिनिधीही बसले होते. त्या घटनेनुसार १८७० साली राज्यात प्रथमच सर्वांसाठी सार्वजनिक शाळा सुरू झाल्या. गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या, हे खरे. तरी सरकारी खर्चाने चालणारी शाळा त्या राज्यात आली ती गुलामगिरी मोडल्यावरच.

सोळा वर्षांच्या मुलीचा संप

आता ऐंशी वर्षे पुढे या. प्रिन्स एडवर्ड काउंटी, फार्मविल गाव. कृष्णवर्णीयांसाठीचे मोटन हायस्कूल १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले, आणि १९५१ साली तिथे साडेचारशेहून जास्त मुले. जादा मुलांसाठी डांबरी कागद मारलेल्या खोपट्या उभ्या केल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेतल्या सगळ्या मुलांना सभागृहात गोळा केले आणि संप पुकारला. आधी मागणी चांगल्या इमारतीची होती. वकील आले आणि त्यांनी सांगितले की लढायचे तर वेगळेपणाविरुद्धच लढा. मुलांनी आणि पालकांनी ते मान्य केले. हाच खटला पुढे आणखी चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५४ साली 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या निकालाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या.

इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुढच्या गोष्टीतच आहे.

सक्ती उठवली, कोणासाठी?

व्हर्जिनियाच्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी निकाल मानला नाही. काळी आणि गोरी मुले एका वर्गात बसवण्यापेक्षा त्यांनी शाळाच बंद करायला घेतल्या. १९५८ साली नॉरफोकसह काही ठिकाणच्या शाळांना टाळे लागले. न्यायालयांनी तो मार्ग अडवला, तेव्हा १९५९ साली राज्याच्या विधिमंडळाने नवी वाट काढली. त्यांनी शाळेत हजर राहण्याच्या सक्तीचा कायदाच रद्द केला. मुलांना शाळेत पाठवायचे की नाही, शाळा चालवायची की नाही, हे ज्या-त्या भागाने ठरवावे! दक्षिण कॅरोलिनाने १९५५ साली आणि मिसिसिपीने १९५६ साली हेच केले होते.

ऐकायला किती छान वाटते. सक्ती गेली, स्वातंत्र्य आले. स्थानिकांना अधिकार मिळाला, पालकांना निवड मिळाली. शब्द सगळे गोड. प्रत्यक्षात काय झाले?

प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ साली शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सार्वजनिक शाळा बंद. गोऱ्या मुलांसाठी लगेच खाजगी अकादमी उभी राहिली, आणि पुढे तिच्या फीसाठी सरकारी अनुदान आणि करात सवलतही मिळाली. कृष्णवर्णीय मुले, सुमारे १,७००, घरी बसली. एक-दोन महिने नव्हे, पाच वर्षे. काहींना आई-बापांनी दुसऱ्या काउंटीत नातेवाइकांकडे ठेवले, काहींना समाजसेवी लोकांनी दुसऱ्या राज्यात नेऊन शिकवले. उरलेल्यांसाठी समाजातल्या बायकांनी चर्चच्या तळघरांत आणि घरांत वर्ग भरवले. त्या बायकांनी जिवापाड मेहनत केली. पण प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्रमाणपत्र आणि पुढचे कॉलेज कुठून देणार? कितीतरी मुले पुन्हा शाळेत गेलीच नाहीत. १९६३ साली देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रिफिन' खटल्यात सांगितले की बाकीच्या राज्यात शाळा चालू असताना एका काउंटीला त्या अशा बंद ठेवता येणार नाहीत, आणि गरज पडली तर काउंटीला कर बसवून शाळा चालवायचा आदेशही देता येईल. तेव्हा कुठे दरवाजे उघडले. त्या पिढीसाठी राज्याने शिष्यवृत्ती सुरू केली ती २००४ साली. तोवर ती मुले आजी-आजोबा झाली होती.

मित्रहो, या गोष्टीचे सार एवढेच. शाळेची सक्ती मुलावर असते असे आपल्याला वाटते. खरे तर ती राज्यावर असते. मुलाने शाळेत आले पाहिजे असे कायदा म्हणतो, तेव्हा शाळा उघडी ठेवणे, शिक्षक नेमणे, पैसा देणे राज्याला भाग पडते. ती सक्ती काढून घेतली की मोकळा होतो तो बलवान, आणि घरी बसतो तो दुबळा.

घरशिक्षणाचा हक्क कुठून आला?

आज अमेरिकेत ज्याला होमस्कूलिंग म्हणतात त्याची कायदेशीर वाट वेगळ्या बाजूने आली. १९२५ साली 'पीअर्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगन राज्याचा एक कायदा रद्द केला. सर्व मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे असे तो म्हणत होता, आणि त्याला कू क्लक्स क्लॅनचा पाठिंबा होता. म्हणजे सक्तीचेही दोन प्रकार असतात, हे लक्षात घ्या. शाळा सर्वांना मिळालीच पाहिजे ही एक सक्ती, आणि सर्वांनी आमच्याच साच्यात बसले पाहिजे ही दुसरी. न्यायालयाने दुसरी नाकारली. मात्र शिक्षणावर वाजवी देखरेख ठेवायचा राज्याचा अधिकार कायम ठेवला. १९७२ साली 'योडर' खटल्यात आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना हायस्कुलात न पाठवण्याची मुभा मिळाली. सत्तरच्या दशकात जॉन होल्टसारख्या शिक्षकांनी शाळेच्या कोंडवाड्यावर टीका केली आणि घरी शिकवण्याचा पुरस्कार केला. ऐंशीच्या दशकात धार्मिक पुराणमतवादी पालक मोठ्या संख्येने त्यात उतरले. व्हर्जिनियाने १९८४ साली घरशिक्षणाचा कायदा केला, आणि १९९३ पर्यंत ते सगळ्या राज्यांत कायदेशीर झाले.

मग कृष्णवर्णीय पालक यापासून दूर राहिले का? नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात ३.३ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबे घरी शिकवत होती. त्याच वर्षीच्या शरदात हा आकडा १६.१ टक्क्यांवर गेला. त्याला महामारी हे कारण होतेच. पण शाळेत आपल्या मुलाला कमी लेखले जाते, शिक्षा त्यालाच जास्त होते, पुस्तकात आपला इतिहास नसतो, हेही त्या पालकांनी वारंवार सांगितले आहे. ज्यांच्या आजोबांना शाळा बंद करून घरी बसवले, त्यांच्याच नातवंडांना आज आई-बाप स्वतः ठरवून घरी शिकवतात. दोन्ही वेळा मूल घरीच आहे, पण पहिल्या वेळी निर्णय शत्रूचा होता आणि दुसऱ्या वेळी तो आपला आहे. म्हणून त्या मुलीच्या आई-वडिलांना आम्ही पळपुटे म्हणणार नाही.

कायदा काय मागतो

पण घरी शिकवायचे तर कायद्याच्या उजेडात शिकवा. व्हर्जिनियात मुख्यतः दोन वाटा आहेत. एक धार्मिक सूट. धर्मश्रद्धेमुळे शाळेला विरोध आहे असे सांगून ही सूट एकदा मिळाली की दरवर्षी कळवणे नाही, मूल्यमापन नाही. दुसरी वाट १९८४ च्या घरशिक्षण कायद्याची. दरवर्षी १५ ऑगस्टपर्यंत स्कूल डिव्हिजनच्या सुपरिंटेंडंटना लेखी सूचना द्यायची, सोबत शिकवायच्या विषयांची यादी जोडायची. शिकवणाऱ्या पालकाकडे किमान हायस्कूल डिप्लोमा असला तरी चालतो. पुढच्या १ ऑगस्टपर्यंत प्रगतीचा पुरावा द्यायचा. तो प्रमाणित चाचणीचा निकाल असू शकतो, ज्यात नऊ पायऱ्यांपैकी चौथी किंवा त्यावरची पायरी गाठावी लागते. किंवा परवानाधारक शिक्षकाचे अथवा मास्टर्स पदवी असलेल्या व्यक्तीचे मूल्यमापनाचे पत्र चालते. पुरावा दिला नाही तर वर्षभर परीक्षणाखाली ठेवता येते.

काही जण म्हणतील, पहिली वाट सोपी. आम्ही म्हणतो, ती आपली नाही. जिथे कोणी विचारणार नाही तिथे मुलीचे शिक्षण बुडाले तरी कोणाला कळणार नाही. धर्माच्या नावाने कायद्याच्या नजरेआड राहण्याचा मोबदला काय असतो, हे आपल्या बायका-मुलींपेक्षा जास्त कोणाला माहीत? दरवर्षीचे ते पत्र, ती यादी, तो निकाल म्हणजे जाच नव्हे. ती मुलीची ढाल आहे. त्या कागदांच्या प्रती जपा, पाठवल्याची पोच जपा.

नववी ते बारावी: कागदावर उतरवा

हायस्कूलची चार वर्षे तर आणखी सांभाळून आखावी लागतात. घरी शिकलेल्या मुलाला राज्य डिप्लोमा देत नाही. तो पालकच देतात, गुणपत्रकही पालकच तयार करतात. मग कॉलेज त्यावर विश्वास का ठेवेल? म्हणून सार्वजनिक शाळेचे माप हातात घ्या, जरी ते तुमच्यावर बंधनकारक नसले तरी. व्हर्जिनियात साध्या डिप्लोमाला २२ क्रेडिट लागतात, प्रगत डिप्लोमाला २६. एक क्रेडिट म्हणजे १४० तासांचे अध्यापन. आपण २६ चेच माप धरावे. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि इतिहास-समाजशास्त्र यांची प्रत्येकी चार क्रेडिट, परदेशी भाषेची तीन, शिवाय आरोग्य-व्यायाम, अर्थशास्त्र आणि वैयक्तिक अर्थव्यवहार.

गणित नववीतच मागे पडले तर बारावीत सावरत नाही, म्हणून बीजगणित आणि भूमिती आधी पक्की करा. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी अकरावी-बारावीत कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घ्या, त्याचे गुण बाहेरच्या संस्थेकडून मिळतात. एपी आणि पीएसएटी या परीक्षा घरी शिकणाऱ्या मुलांनाही उपलब्ध करून देणे तिथल्या स्कूल बोर्डांना कायद्याने बंधनकारक आहे. तो हक्क मागून घ्या. प्रत्येक विषयाचे चार ओळींचे वर्णन, वाचलेल्या पुस्तकांची यादी, निबंधांच्या प्रती आणि तासांची नोंद आठवड्याच्या आठवड्याला लिहून ठेवा. चार वर्षांनी आठवून लिहिलेली नोंद कोणीही ओळखते.

आणि इतिहास? तिथे तुम्हाला शाळेहून जास्त मोकळीक आहे. तिला फार्मविलला न्या. मोटन हायस्कूलची इमारत आता संग्रहालय आहे. जगाच्या इतिहासात बुद्ध, फुले, शाहू आणि बाबासाहेब शिकवा. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याने १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र का लिहिले, यावर तिला निबंध लिहू द्या. तिला टेबलावर एकटे पाडणाऱ्यांना जे उत्तर तेव्हा देता आले नाही, ते तिला त्या निबंधात सापडेल.

बाबासाहेबांनी कुठे बोट ठेवले होते

शेवटी आपल्या घटनेकडे येऊ. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची मागणी जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ती अमलात आणायला घेतली. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. ते प्राथमिक शिक्षणापुरते आखडून घ्यावे अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला धोकादायक कामाला लावायची बंदी आपण घटनेत घालतो आहोत, तर मग त्या वयापर्यंत ते मूल एखाद्या शिक्षणसंस्थेत असले पाहिजे. मूल कामावर नाही आणि शाळेतही नाही, अशी पोकळी त्यांना नको होती. प्रिन्स एडवर्डच्या मुलांना अकरा वर्षांनी त्याच पोकळीत ढकलले गेले.

आपल्याकडेही आता घरी शिकवण्याचे आकर्षण वाढते आहे. ज्यांच्या घरात पुस्तके आहेत, दोन पगार आहेत, मोकळा वेळ आहे, त्यांच्यासाठी ते सुखाचे असेल. पण ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाचे मूल जेव्हा घरी असते, तेव्हा त्याला होमस्कूलिंग म्हणत नाहीत. त्याला शाळा सुटणे म्हणतात. जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येचे कारण सांगून बंद होते, तेव्हा तिथे कोण घरी बसते, हे प्रत्येकाने आपल्या तालुक्यात जाऊन पाहावे.

म्हणून त्या कुटुंबाला आम्ही दिलेले उत्तर असे: मुलीचा अपमान होत असेल तर तिला घरी शिकवा, तो तुमचा हक्क आहे. पण शाळेकडे लेखी तक्रार करूनच बाहेर पडा, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या मुलीला ती नोंद उपयोगी पडेल. सूचनेची आणि मूल्यमापनाची वाट धरा, सुटीची नको. चारही वर्षांचा हिशेब चोख ठेवा. आणि घरशिक्षणाच्या नावाने कोणी सार्वजनिक शाळेचा पैसा तोडायला, सक्तीचा कायदा मोडायला निघाला, तर त्याच्या रांगेत तुमचे नाव दिसता कामा नये. तुमची मुलगी घरी शिकत असली तरी शेजारच्या मुलीची शाळा उघडी राहिली पाहिजे, यासाठी स्कूल बोर्डाच्या सभेला जा.

सावित्रीबाई घरात शिकल्या आणि दुसऱ्यांसाठी शाळेत उभ्या राहिल्या. घरच्या शाळेची आमची कसोटी तीच आहे.

जय भीम! जय सावित्री!